पुठ्ठ्याचा चष्मा आणि विद्यापीठाचं ग्रंथालय: एका प्रयोगाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका राज्य विद्यापीठाच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचं आहे. विद्यापीठ पुण्या-मुंबईचं नाही. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे.

व्हीआरमधून, म्हणजे डोळ्यांना लावायच्या चष्म्यात सभोवार दिसणाऱ्या आभासी दृश्यांतून, नव्या मुलांना ग्रंथालय दाखवायचं म्हटलं की डोळ्यांपुढे राजाबाई टॉवरखालचं मुंबई विद्यापीठाचं ग्रंथालय येतं: १८७८ सालची वास्तू, रंगीत काचांच्या खिडक्या, उंच छत. इथे तसं काही नव्हतं. सत्तरच्या दशकातली सरकारी धाटणीची इमारत, तळमजला आणि वर दोन मजले. तळाला देवघेव, ओपॅकचे (ग्रंथालयाची पुस्तकसूची शोधण्याचे) संगणक आणि मोठी अभ्यासिका. पहिल्या मजल्यावर संदर्भ विभाग आणि नियतकालिकं. दुसऱ्या मजल्यावर मुख्य ग्रंथसंग्रह आणि त्याच्या टोकाला प्रबंधांची कपाटं.

पदव्युत्तर वर्गात येणारी बहुतेक मुलं तालुक्याच्या महाविद्यालयांतून आलेली. तिथलं ग्रंथालय म्हणजे एक खिडकी. चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहून द्यायचं, आतून कोणीतरी पुस्तक आणून देणार, नसेल तर ‘नाही’ म्हणणार. विद्यापीठात आल्यावर एकदम मुक्त प्रवेश: रॅकमध्ये शिरा, चाळा, हवं ते उचला. ही मोकळीक आहे हेच अनेकांना वर्ष-वर्ष कळत नाही.

अभ्यासिका मात्र सकाळपासून भरलेली असते. एमपीएससीची तयारी करणारी मुलं स्वतःची पुस्तकं घेऊन येतात, जागा धरतात आणि रात्री जातात. ग्रंथालयाच्या हजेरी नोंदवहीत आकडा फुगलेला दिसतो, पण जिना चढणारे थोडेच. ही काही एकाच विद्यापीठाची गोष्ट नाही, राज्यातल्या बऱ्याच ग्रंथालयांत असंच चित्र दिसेल.

अडचण

दर वर्षी प्रवेश संपले की विभागवार ‘ग्रंथालय परिचय’ व्हायचा. पन्नास-साठ मुलांचा घोळका, पुढे सहायक ग्रंथपाल, अर्ध्या तासात तीन मजले. पुढच्या दहा जणांना ऐकू येतं, मागचे फोन बघत जिना चढतात आणि उतरतात. संदर्भ विभागातल्या मॅडमचा अनुभव असा की एम.ए.च्या शेवटच्या सत्रात लघुप्रबंध लिहायला घेतलेली मुलं येऊन विचारायची, ‘मॅडम, इथं जुने प्रबंध बघायला मिळतात का?’ दोन वर्षं ती ज्या इमारतीत ये-जा करत होती, तिच्याच दुसऱ्या मजल्यावर ते होते.

दुसरी तक्रार नेहमीची. पुस्तक ओपॅकवर दिसतं, रॅकवर सापडत नाही. याचं एक कारण चुकीच्या जागी ठेवलेली पुस्तकं हे असतंच, पण दुसरं कारण दशांश चिन्हात दडलेलं होतं. पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या ड्यूई पद्धतीत मराठी साहित्याचा क्रमांक, म्हणजे वर्गांक, ८९१.४६. कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३ आणि साहित्याचा इतिहास ८९१.४६०९. दशांशाच्या हिशोबाने ८९१.४६०९ हा कवितेच्याही आधी येतो. मुलं मात्र ‘चार हजार सहाशे नऊ’ वाचून तो कादंबऱ्यांच्या पलीकडे शोधत राहायची आणि ‘नाही सापडलं’ म्हणून खाली यायची. ही गोष्ट घोळक्यात तोंडी सांगून कळत नाही. रॅकपुढे उभं करूनच दाखवावी लागते.

व्हीआर कुठून आलं

२०१९च्या सुरुवातीला ग्रंथालयशास्त्र विभागातल्या एका प्राध्यापकांनी पुठ्ठ्याचा व्हीआर चष्मा बैठकीत आणला. गुगलने २०१४ साली दाखवलेलं हे ‘कार्डबोर्ड’: घडी घातलेला पुठ्ठा, दोन बहिर्गोल भिंगं आणि आत सरकवायला स्वतःचा फोन. फोनच्या पडद्यावर चित्राचे दोन भाग पडतात, प्रत्येक डोळा एक भाग पाहतो, आणि मान वळेल तसं दृश्य वळतं. आराखडा गुगलने सर्वांना खुला ठेवला असल्याने बाजारात त्याच्या नकला काहीशे रुपयांत मिळत होत्या. मार्चअखेर जवळ आला होता आणि ग्रंथालयाच्या एका लेखाशीर्षात थोडी रक्कम शिल्लक होती. सरकारी कार्यालयांत अनेक प्रयोगांचा जन्म असाच होतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

समोरचे पर्याय

बैठकीत चार गोष्टी मांडल्या गेल्या.

साधा व्हिडिओ हा सगळ्यात सोपा मार्ग होता. विरोध असा की तो पाहणारा कॅमेऱ्याच्या मागे फिरतो, ‘डावीकडे काय आहे’ हे त्याला स्वतः वळून पाहता येत नाही, आणि रस्ता तर स्वतः वळूनच लक्षात राहतो. हा मुद्दा मला पटतो. पण व्हिडिओ पूर्ण बाजूला टाकायची गरज नव्हती, हे पुढे येईलच.

दुसरा पर्याय एका खासगी कंपनीचा. संपूर्ण इमारतीचं त्रिमितीय प्रारूप, त्यात चालता येईल अशी सोय, आणि महागडे हेडसेट. दरपत्रक लाखांच्या घरात होतं. शिवाय इमारतीत एक रॅक हलवला तरी बदल करायला पुन्हा त्याच कंपनीकडे जावं लागलं असतं. ग्रंथपाल मॅडमनी हा पर्याय पैशांपेक्षा याच कारणासाठी नाकारला, आणि प्रकरणातला सगळ्यात दूरदृष्टीचा निर्णय मी हाच मानतो.

तिसरा पर्याय चार-पाच स्वतंत्र हेडसेट घेऊन एक ‘व्हीआर कक्ष’ उघडण्याचा. उद्घाटनाला शोभला असता. पण ग्रंथालयाची ओळख करून घ्यायला आधी ग्रंथालयातल्याच एका खोलीत या, असं सांगण्यात काय अर्थ होता?

उरला तो चौथा: ३६० अंशांत छायाचित्रं काढायची, ती जोडून फिरता येईल अशी मालिका करायची, ती कोणत्याही फोनवर दिसेल अशी ठेवायची, आणि ज्याला हवं त्याला पुठ्ठ्याचा चष्मा द्यायचा. मालिका जोडण्यासाठी गुगलचं ‘टूर क्रिएटर’ फुकट उपलब्ध होतं. कॅमेरा वृत्तपत्रविद्या विभागाकडून उसना मिळाला: बोटभर जाडीचा, पुढे-मागे एकेक भिंग असलेला, एक बटण दाबलं की सगळी खोली टिपणारा.

पहिली फेरी: संस्थेला दाखवायचं होतं ते

काय टिपायचं यासाठी समिती नेमली गेली. समितीने यादी केली: प्रवेशद्वारावरचा पुतळा, उद्घाटनाची कोनशिला, दुर्मीळ ग्रंथांचा कक्ष, नवा संगणक कक्ष, ग्रंथपालांचं दालन, सभागृह. प्रबंध विभाग यादीत होता, पण तिथपर्यंत जाण्याचा रस्ता नव्हता. एका दृश्यातून दुसऱ्यात उडी मारायची, मधला जिना गायब.

चित्रण सुट्टीच्या दिवशी झालं. कारण रास्त होतं: मुलांचे चेहरे त्यांच्या परवानगीशिवाय टिपायचे नव्हते. परिणाम असा की सगळी इमारत लखलखीत स्वच्छ आणि संपूर्ण रिकामी. देवघेवीच्या खिडकीमागे कोणी नाही, ओपॅकचे पडदे काळे, खुर्च्या रांगेत. ज्या मुलाला ‘तिथे कोणाशी बोलायचं’ याचीच धास्ती आहे, त्याला माणूस नसलेली खिडकी दाखवून काय मिळणार?

तांत्रिक बाबतीतही इथे दोन गोष्टी लक्षात आल्या, ज्या असा प्रयोग करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येतात.

एक, दोन रॅकमधल्या अरुंद बोळात कॅमेरा ठेवला की चित्र फाटल्यासारखं दिसतं. दोन भिंगांची चित्रं जिथे शिवली जातात तिथे जवळची वस्तू जुळत नाही, फळीची कड तुटते. संगणकशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने उपाय काढला: कॅमेरा असा फिरवायचा की भिंगं थेट दोन्ही बाजूंच्या रॅककडे बघतील आणि शिवण बोळाच्या लांब टोकांकडे जाईल. दूरच्या गोष्टीत फट दिसत नाही. एवढं केल्यावर चित्रं सुधारली.

दोन, पुस्तकाच्या पाठीवरचा वर्गांक वाचता येत नव्हता. इथे कॅमेऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, साधं गणित आहे. बऱ्याच जुन्या फोनांना ४०९६ बिंदूंपेक्षा रुंद चित्र पेलत नाही, म्हणून चित्रं त्या मापात आणावी लागली. ४०९६ बिंदू ३६० अंशांत वाटले की अंशामागे अकरा-बारा बिंदू येतात. मीटरभर अंतरावर एक अंश म्हणजे पावणेदोन सेंटिमीटर. म्हणजे चार मिलिमीटर उंचीच्या आकड्याच्या वाट्याला दोन-तीन बिंदू. त्यात काय दिसणार? ज्या दशांशाच्या घोळासाठी हा खटाटोप होता, तोच दिसेना.

मालिका २०१९च्या पावसाळ्यात सुरू झाली. कुलगुरूंनी चष्मा डोळ्यांना लावलेला फोटो स्थानिक वर्तमानपत्रांत आला, पुढे नॅक या मूल्यांकन संस्थेसाठीच्या अहवालातही गेला.

वर्गात काय झालं

मराठी विभागाच्या वर्गात चष्मे वाटले तेव्हा पहिल्या काही मिनिटांतच गोंधळ झाला. काही मुलांच्या फोनवर चित्र मानेबरोबर वळायचं, काहींच्या फोनवर हलायचंच नाही, काहींच्या थरथरायचं. कारण होतं जायरोस्कोप. फोन कोणत्या दिशेला किती वळला हे नेमकं सांगणारा हा भाग स्वस्त अँड्रॉइड फोनांत पुष्कळदा नसतो. फोनच्या जाहिरातीत कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल ठळक असतात, जायरोस्कोपचा उल्लेख सापडला तर शेवटच्या ओळीत. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा ‘स्वस्त’ खटाटोप होता, त्याच मुलांकडे असे फोन जास्त होते.

इथे एक निर्णयाची जागा आली. ग्रंथालयाने चांगले फोन विकत घेऊन चष्म्यात घालून द्यायचे, की चष्माच दुय्यम ठरवायचा? दोन्ही थोडं थोडं झालं. विभागाकडचे दोन जुने पण जायरोस्कोप असलेले फोन परिचयाच्या दिवसासाठी राखून ठेवले. बाकीच्यांना सांगितलं, बोटाने चित्र सरकवा, तेवढंच दिसतं. आणि खरोखरच तेवढंच दिसत होतं. स्थिर छायाचित्रांच्या मालिकेत मान वळवता येते, पुढे पाऊल टाकता येत नाही. त्यामुळे चष्म्याचा जास्तीचा फायदा ‘आपण तिथे आहोत’ या भासापुरता. तो भास काही मुलांना फार आवडला, नजरेचा चष्मा असलेल्या मुलांना भिंग नाकावर बसेना म्हणून त्रास झाला, एक-दोघांना गरगरलं. गरगरण्यावर उपाय साधा निघाला: कार्यालयातल्या फिरत्या खुर्च्या आणून मुलांना बसवून पाहायला लावलं. सगळ्या प्रयोगात सर्वांत उपयोगी उपकरण कोणतं असं विचारलं तर तिथले कर्मचारी आजही फिरती खुर्ची असं उत्तर देतात.

टाळेबंदी आणि दुसरा धक्का

मार्च २०२० मध्ये ग्रंथालय बंद झालं. एकाच्या चेहऱ्याला लागलेला पुठ्ठा दुसऱ्याला देण्याचा प्रश्नच उरला नाही, आणि पुठ्ठा काही जंतुनाशकाने पुसता येत नाही. चष्मे खोक्यात गेले. उलट मालिकेचा दुवा मात्र त्या वर्षीच्या नव्या मुलांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरू लागला, कारण प्रवेश घेतलेल्या मुलांनी इमारत पाहिलेलीच नव्हती.

आणि नोव्हेंबर २०२० मध्ये गुगलने जाहीर केलं की टूर क्रिएटर ३० जून २०२१ रोजी बंद होणार. शाळांसाठीचं ‘एक्स्पिडिशन्स’ हे व्हीआर सहलींचं ॲपही त्याच दिवशी. पुढे मार्च २०२१ मध्ये गुगलने कार्डबोर्ड चष्म्यांची स्वतःची विक्रीही थांबवली.

याची चाहूल आधी लागली होती का? लागायला हरकत नव्हती. ऑक्टोबर २०१९ मध्येच गुगलने ‘डेड्रीम’ हा आपला पुढच्या पायरीचा व्हीआर हेडसेट गुंडाळला होता. फोन खोक्यात घालून व्हीआर पाहण्याच्या कल्पनेतून मोठ्या कंपन्या बाहेर पडत होत्या. ग्रंथालयात त्या बातमीकडे कोणी लक्ष दिलं नाही, आणि एरवी नियतकालिकांची वर्गणी बंद झाली तर जुने अंक कोणाकडे राहणार हा प्रश्न करारातच विचारणारी हीच मंडळी आहेत. फुकट सेवेला करार नसतो, म्हणून तो प्रश्न सुचत नाही.

तीन रस्ते होते. बंद पडू द्यायचं आणि ‘प्रयोग यशस्वीरीत्या पूर्ण’ असं लिहून मोकळं व्हायचं. परदेशी सेवेची वार्षिक वर्गणी घ्यायची, पण ती डॉलरमध्ये आणि कार्डावरून भरायची होती, आणि विद्यापीठाच्या लेखा विभागाला असं देयक दर वर्षी मंजूर करायला लावणं म्हणजे स्वतंत्र पद निर्माण करण्यासारखं. किंवा सगळं स्वतःच्या सर्व्हरवर आणायचं.

तिसरा रस्ता शक्य झाला तो एका छोट्या सवयीमुळे. संगणकशास्त्राच्या त्या विद्यार्थ्याने मूळ छायाचित्रं हार्ड डिस्कवर मजल्यानुसार, जागेनुसार नावं देऊन ठेवली होती आणि उत्तीर्ण होऊन जाताना डिस्क सहायक ग्रंथपालांच्या हातात दिली होती. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं, कारण दुसऱ्या एखाद्या मुलाने ती पेनड्राइव्हवर घेऊन नेली असती तर चित्रण नव्याने करण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि इमारत तर बंद. दृश्यांवरचा मजकूर मात्र थेट टूर क्रिएटरमध्येच टाइप केला होता. तो बंद होण्याआधी पडदा बघून बघून स्प्रेडशीटमध्ये उतरवला गेला.

नवी मालिका ‘पॅनेलम’ या मुक्त स्रोत साधनावर बांधली. चित्रांचा संच, आणि कोणत्या चित्रात कुठल्या कोनात कोणती खूण आहे हे सांगणारी एक मजकुराची फाइल, एवढाच त्याचा पसारा. फाइल साध्या संपादकात उघडते, त्यामुळे ग्रंथालयातल्याच लिपिकाला ती दुरुस्त करता येते. परिचयाच्या दिवशी चष्म्यातून पाहायची हौस भागवायला ‘ए-फ्रेम’ हे वेबपानावर व्हीआर दृश्य बांधायचं साधन वापरून चार दृश्यांचं वेगळं छोटं पान केलं. एक अडथळा मात्र अनपेक्षित होता: विद्यापीठाच्या त्या सर्व्हरवर सुरक्षित जोडणी, म्हणजे एचटीटीपीएस नव्हती, आणि तिच्याशिवाय ब्राउझर फोनच्या हालचालीची माहिती पानाला देत नाहीत. आयफोनवर तर वरून परवानगीचं बटणही दाबावं लागतं. सुरक्षा प्रमाणपत्र बसवून घ्यायला जो पत्रव्यवहार झाला, तो सगळ्या चित्रणापेक्षा जास्त काळ चालला.

दुसरी फेरी: वाचकाला हवं होतं ते

घर बदलताना कपाट रिकामं करावं लागतं तेव्हाच कळतं की आत काय काय साठवलं आहे. इथेही तसंच झालं. मालिका नव्याने बांधायचीच आहे, तर काय ठेवायचं हा प्रश्न पुन्हा समोर आला, आणि या वेळी समिती नेमायला कोणाला वेळ नव्हता.

ग्रंथालय पुन्हा उघडल्यावर संदर्भ विभागातल्या मॅडमनी एक साधी वही देवघेवीच्या खिडकीवर ठेवली. येणारं प्रत्येक मूल जो प्रश्न विचारेल तो त्याच्याच शब्दांत लिहायचा. वहीत काय भरलं? ‘बॅग कुठं ठेवायची?’ ‘पुस्तक घरी नेता येतं का, अनामत किती?’ ‘चार्जिंगला जागा आहे का?’ ‘मुलींचं स्वच्छतागृह?’ ‘जुने पेपर मिळतील का?’ आणि सगळ्यांत वारंवार, वेगवेगळ्या शब्दांत, एकच: ‘वर गेलं तर चालतं का?’

हा प्रश्न वाचून ग्रंथपाल मॅडमनी पहिल्या फेरीतली तळमजल्याची ३६० अंशांतली छायाचित्रं पुन्हा पाहिली. रोजच्या वावरात नजरेआड गेलेली गोष्ट त्या चित्रांत एकत्र दिसली. एका जागी उभं राहून वळलं की सात-आठ पाट्या: शांतता राखा. मोबाइल वापरू नये. पिशव्या आत नेण्यास सक्त मनाई. ओळखपत्राशिवाय प्रवेश नाही. विनापरवाना पुस्तक हाताळल्यास दंड. जिन्याजवळ तर ‘कर्मचाऱ्यांव्यतिरिक्त प्रवेश नाही’ ही पाटी, जी खरं तर जिन्याखालच्या भांडारासाठी होती. वर संग्रह आहे आणि तिथे जायला मुभा आहे असं सांगणारी एकही पाटी नव्हती. खिडकीतून पुस्तक घेण्याची सवय असलेल्या मुलाने जिना का चढावा?

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं वळण हेच. व्हीआर मुलांना ग्रंथालय दाखवायला आणलं, आणि त्याने आधी ग्रंथालयाला स्वतःचं दार दाखवलं. जिन्याजवळची पाटी दुसऱ्याच आठवड्यात बदलली. आता तिथे लिहिलं आहे: ‘ग्रंथसंग्रह दुसऱ्या मजल्यावर. वर जा, पुस्तकं स्वतः पाहा.’

दुसरी मालिका वहीतल्या प्रश्नांच्या क्रमाने झाली. फाटक, पिशव्यांची जागा, नोंदवही, ओपॅकचा संगणक, जिना, रॅकांची सुरुवात, मराठीचा रॅक, तिथून प्रबंधांची कपाटं, आणि परत खाली देवघेव. पुतळा आणि कोनशिला गेली. दुर्मीळ ग्रंथांचा कक्ष राहिला, पण बाजूला. या वेळी चित्रण कामाच्या दिवशी केलं. खिडकीमागचे कर्मचारी आपापल्या जागी होते, त्यांची लेखी संमती घेतली. टेबलांवर बसवायला विभागातल्या मुलांना बोलावलं. बाकी कोणी चौकटीत आलंच तर चेहरा पुसट केला.

वर्गांकाचा प्रश्न मोठ्या चित्रातून सोडवायचा नादच सोडला. रॅकवर एक खूण ठेवली, ती दाबली की चार पुस्तकांच्या पाठींचं जवळून काढलेलं साधं छायाचित्र उघडतं: ८९१.४६०९, मग .४६१, मग .४६२, मग .४६३. खाली दोन ओळी. आणि ओपॅकवर शोध कसा घ्यायचा यासाठी मिनिटभराचा साधा व्हिडिओ, तोच जो २०१९च्या बैठकीत नाकारला होता. पडद्यावर काय टाइप करायचं हे दाखवायला ३६० अंशांची काही गरज नसते.

आवाज कोणाचा यावर थोडी चर्चा झाली. आधी आकाशवाणीच्या धाटणीचं निवेदन ठरलं होतं. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या परिचर मामांचा आवाज घेतला, कारण मुलं कुठे चुकतात हे त्यांना ठाऊक होतं. ‘जिना चढून आलं की सरळ जाऊ नका, ते इंग्रजीचं आहे. डाव्या अंगाला वळा, पंख्याखालचा तिसरा रॅक.’ अशी सूचना कोणत्याही समितीने लिहिली नसती. काहींनी भाषा ‘प्रमाण’ नाही अशी कुरकूर केली. ग्रंथपाल मॅडमनी ऐकून घेतलं आणि भाषा तशीच ठेवली.

परिणाम

आता मालिका विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे आणि प्रवेशाच्या पत्राबरोबर तिचा दुवा जातो. परिचयाचा तास राहिला, पण बदलला: मुलं दुवा पाहून येतात, लहान गटात येतात, प्रत्येकाला एक बोधांक (पुस्तकाच्या पाठीवरचा क्रमांक) देऊन पुस्तक शोधून आणायला सांगितलं जातं. चष्मे त्या दिवशी बाहेर निघतात. गंमत म्हणून, आणि गमतीची किंमत कमी नाही.

खिडकीवरचे कर्मचारी सांगतात की ‘वर गेलं तर चालतं का’ हा प्रश्न आता क्वचित येतो. पण हे श्रेय मालिकेचं की पाटीचं, हे कोणाला सांगता येणार नाही. प्रयोगाआधी दुसऱ्या मजल्यावरून किती पुस्तकं देवघेवीला येत होती, याची वेगळी मोजणी ठेवलीच नव्हती. कोहा या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीतून देवघेवीचे अहवाल काढता येतात, पण मध्ये साथीची दोन वर्षं पडली, त्यामुळे आधी-नंतरची तुलना करणं फसवं होईल. सर्व्हरवर किती वेळा दुवा उघडला ते दिसतं, उघडणाऱ्याला पुस्तक सापडलं का ते दिसत नाही. नॅकच्या अहवालात मात्र ‘व्हीआर आधारित ग्रंथालय’ ही ओळ अजून आहे, फोटोसह.

एक परिणाम कोणाच्याही डोक्यात नव्हता. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या एका विद्यार्थिनीने घरी बसून मालिका पाहिली आणि फोन करून विचारलं, ‘समोर तीन पायऱ्या दिसतायत, मग मी आत कशी येऊ?’ मागच्या दाराला उतार होता, लिफ्टही त्याच बाजूला होती. पण ते दार कायम कुलूपबंद आणि मालिकेत ते नव्हतंच. किल्ली आता फाटकावरच्या सुरक्षारक्षकाकडे असते, आणि मागच्या दारापासून सुरू होणारा दुसरा रस्ता मालिकेत जोडला गेला. अंध विद्यार्थ्यांना मात्र चित्रांच्या मालिकेचा काहीच उपयोग नव्हता. त्यांच्यासाठी तोच रस्ता शब्दांत लिहिलेलं पान उशिरा तयार झालं: किती पायऱ्या, कुठे वळण, कोणत्या हाताला टेबल. स्क्रीन रीडर ते वाचतो. गंमत म्हणजे कमी इंटरनेट असलेल्या गावांतली डोळस मुलंही तेच पान वापरताना आढळली.

वेगळं काय करता आलं असतं

वही आधी ठेवायला हवी होती. कॅमेरा, चष्मे, समिती, या सगळ्याच्या आधी. तिला खर्च शून्य होता आणि प्रयोगाची दिशा तिनेच ठरवली. तालुक्याच्या महाविद्यालयांतून आलेल्या दोन-चार मुलांना पहिल्या दिवशी सोबत घेऊन, काही न सांगता, ‘हे पुस्तक आण’ म्हणून सोडलं असतं आणि मागून नुसतं पाहिलं असतं, तरी तेवढंच कळलं असतं.

फोनांची चाचणी चष्मे विकत घेण्यापूर्वी व्हायला हवी होती. वर्गातल्या दहा मुलांचे फोन मागून तपासायला एक तास पुरला असता. ‘स्वस्त’ हे विशेषण चष्म्याच्या किमतीवरून लावलं गेलं, खरी किंमत तर फोनात होती.

मोजणीबद्दल मी थोडा कडक आहे. प्रयोगाआधी महिनाभर संदर्भ विभागात प्रश्नांची नोंद आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वापराची नोंद, एवढं जरी केलं असतं तरी आज ‘कर्मचारी सांगतात’ यावर थांबावं लागलं नसतं. मात्र ग्रंथालयात मनुष्यबळ किती तुटपुंजं आहे, किती पदं वर्षानुवर्षं रिक्त आहेत, हे पाहिल्यावर तिथल्या लोकांना हे तोंडावर सांगण्याचं धाडस मला होत नाही.

कंपनीचं महागडं प्रारूप नाकारणं, मूळ छायाचित्रं जपणं आणि फाइल लिपिकाला उघडता येईल अशी ठेवणं या तीन गोष्टी मी कोणत्याही ग्रंथालयाला तशाच करायला सांगेन. यातली दुसरी नशिबावर सोडू नये: मूळ फाइल्सची प्रत आणि मजकुराची स्प्रेडशीट यांची दाखल नोंदवहीत रीतसर नोंद करावी, जशी पुस्तकाची करतात.

मालिका शिळी होण्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. गेल्या वर्षी इतिहासाचे रॅक खिडकीकडे सरकवले, कारण छत गळत होतं. परिचर मामांच्या आवाजातला पंखा आणि तिसरा रॅक आता जुळत नाहीत. मामा निवृत्त झाले आहेत, पण नव्याने ध्वनिमुद्रण करायला यायला तयार आहेत. वृत्तपत्रविद्या विभागाच्या कॅमेऱ्याची बॅटरी गेली आहे आणि नव्या बॅटरीची मागणी खरेदी विभागात दरपत्रकांची वाट पाहते आहे. तोपर्यंत त्या दृश्यावर लाल अक्षरांत ‘हे चित्र जुनं आहे, रॅक खिडकीजवळ पाहा’ अशी ओळ लिपिकाने स्वतःच फाइल उघडून टाकली.